आधी भरती-ओहोटी, मग तिकिटे: समुद्रकिनारा आणि तिथल्या ऐतिहासिक वास्तू यांची सहल कशी आखावी

सुट्टीत समुद्रकिनारा पाहायचा आणि त्याच फेरीत तिथला एखादा जलदुर्ग, बेटावरचा मठ, जुने दीपगृह किंवा तटबंदीच्या आतले बंदराचे गाव पाहायचे, असा बेत ठरला की आपण प्रथम प्रवासाची तिकिटे काढतो, मग मुक्कामाची सोय बघतो आणि समुद्राचा विचार थेट तिथे पोहोचल्यावर करतो. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. राजवाडा किंवा डोंगरातली लेणी आपल्या सवडीने पाहता येतात; पण ज्या वास्तूच्या पायाशी समुद्र आहे तिथे वाट केव्हा उघडणार, होडी धक्क्याला लागणार की नाही, आणि तटावरून पाणी दिसणार की चिखल, हे सारे भरती-ओहोटी आणि वारा ठरवतात. म्हणून पुढची आखणी समुद्रापासून सुरू होते आणि तिकिटांपर्यंत नंतर येते.

ऋतू ठरवताना

“या देशात कोणत्या महिन्यात जावे?” हा प्रश्न किनाऱ्याच्या बाबतीत पुरेसा नाही, कारण एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांचे ऋतू वेगळे असू शकतात. श्रीलंकेत नैऋत्य किनाऱ्यावर, म्हणजे गॅलच्या बाजूला, डिसेंबर ते मार्च हे दिवस कोरडे असतात आणि समुद्रही शांत असतो, तर मे ते सप्टेंबर या काळात मोसमी वाऱ्यांमुळे तोच समुद्र खवळलेला असतो. मात्र त्याच काळात पूर्वेकडचे त्रिंकोमाली कोरडे आणि शांत असते. भारतातही पश्चिम किनाऱ्यावर पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोसळतो आणि महाबलीपुरमच्या बाजूला त्याचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत असतो. तेव्हा आपण निवडलेला किनारा कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे नकाशात आधी पाहावे आणि मग त्या बाजूने पावसाळी वारे केव्हा येतात ते शोधावे.

कॅरिबियन बेटांकडे जायचे असेल तर अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरला जातो आणि त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. या काळात रोजच वादळ होते असे नाही, परंतु जाणारच असाल तर रद्द केल्यावर पैसे परत मिळतील अशीच आरक्षणे घ्यावीत.

भूमध्य समुद्राच्या बाबतीत माझी पसंती सप्टेंबरला आहे. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते आणि सावकाशच निवते, त्यामुळे जूनमध्ये ऊन कडक असूनही गार लागणारा समुद्र सप्टेंबरमध्ये पोहण्याजोगा उबदार असतो, आणि शाळा सुरू झाल्यामुळे गर्दीही ओसरलेली असते. ऑक्टोबर उलटू लागला की मुसळधार पावसाची शक्यता वाढते. इटलीतील चिंक्वे तेर्रे या पाच गावांच्या किनाऱ्यावर, मोन्तेरोस्सो आणि वेर्नात्सा या दोन गावांत, २५ ऑक्टोबर २०११ रोजी अशाच पावसाने डोंगरावरचा चिखल-दगड वाहून आणून रस्ते गाडून टाकले होते.

हंगामाच्या कडेला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. वास्तू वर्षभर उघडी असली तरी तिथे नेणाऱ्या होड्या वर्षभर सुटतीलच असे नाही. आयर्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यापलीकडील स्केलिग मायकल या खडकाळ बेटावर प्राचीन ख्रिस्ती मठ आहे. तिथे उतरण्याची परवानगी साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच असते, आणि त्या काळातही लाटा मोठ्या असल्या तर होडी बेटाला लागत नाही.

भरती-ओहोटीचे कोष्टक कसे वाचावे

महिना ठरला की त्या महिन्याचे भरती-ओहोटीचे कोष्टक मिळवावे. बहुतेक किनाऱ्यांसाठी ते इंटरनेटवर विनामूल्य मिळते. त्यात दर दिवसासाठी साधारण चार नोंदी असतात, दोन पूर्ण भरतीच्या आणि दोन पूर्ण ओहोटीच्या, आणि प्रत्येक नोंदीसमोर वेळ आणि मीटरमध्ये पाण्याची उंची दिलेली असते. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून आजची वेळ उद्या सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मित्राने मागच्या आठवड्यात सकाळी दहाला चालत जाऊन किल्ला पाहिला, म्हणून आपणही दहालाच जावे, असे इथे चालत नाही. आठवड्याभरात त्याच घटकेला ओहोटीच्या जागी भरती आलेली असते.

प्रत्येक किनाऱ्यावर या कोष्टकाची गरज सारखी नसते. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती आणि ओहोटीच्या पातळीत अर्ध्या मीटरचाही फरक नसतो, त्यामुळे क्रोएशियातील दुब्रोव्हनिक शहराची जुनी तटबंदी पाहायला जाणाऱ्याला कोष्टक उघडण्याचे कारण नाही. फ्रान्समधील मों-सें-मिशेल या मठाच्या बेटाभोवतीच्या उपसागरात मोठ्या उधाणाच्या वेळी हाच फरक १४ मीटरच्या घरात जातो आणि कॅनडातील फंडीच्या उपसागरात तो सुमारे १६ मीटरपर्यंत पोहोचतो, म्हणजे पाच मजली इमारतीइतके पाणी सहा तासांत चढते.

कोष्टक वाचताना तीन ठिकाणी चूक होते. पहिली चूक वेळेची. युरोपातील काही कोष्टके प्रमाणवेळेत छापलेली असतात, आणि उन्हाळ्यात तिथली घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, त्यामुळे तो तास आपण मिळवायचा की तो आधीच मिळवलेला आहे, हे पानाच्या वरच्या किंवा खालच्या ओळीत शोधावे. दुसरी चूक जागेची. कोष्टक मोठ्या बंदराचे असते आणि आपली वास्तू तिथून काही कोसांवर असते. खाडीच्या आतल्या बाजूला भरती पोहोचायला उशीर लागतो, म्हणून जवळच्या लहान बंदराचा फरक वेगळा दिला असेल तर तोच धरावा. तिसरी चूक उंचीच्या आकड्याची. कोष्टकातली ०.५ मीटर ही उंची आपल्या वाटेवरच्या पाण्याची खोली नसते, तर त्या किनाऱ्यावर पाणी सर्वांत खाली जाते त्या सुमाराच्या पातळीपासून मोजलेली असते. वाट त्या पातळीपेक्षा किती उंच आहे हे स्थानिक कोळ्यांना आणि नावाड्यांना अचूक माहीत असते, तेव्हा त्यांना विचारावे.

आता पाणी किती वेगाने चढते ते पाहू, कारण खरा धोका तिथे आहे. समजा, सकाळी ११ वाजता पूर्ण ओहोटी आहे आणि पाण्याची उंची ०.५ मीटर आहे; सायंकाळी पाचच्या सुमारास पूर्ण भरती आहे आणि उंची ५.३ मीटर आहे. फरक ४.८ मीटरचा. दर्यावर्दी लोक या फरकाचे बारा भाग करतात आणि सहा तासांत ते अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक असे वाटतात. आपल्या उदाहरणात एक भाग ४० सेंटिमीटरचा आहे. म्हणजे दुपारी बारापर्यंत पाणी केवळ ४० सेंटिमीटर चढेल, एकपर्यंत आणखी ८० सेंटिमीटर, आणि त्यानंतर दोन वाजेपर्यंत व पुन्हा तीन वाजेपर्यंत दर तासाला तब्बल १.२ मीटर. पहिल्या तासात पाणी जागचे हललेच नाही असे वाटते, आणि त्यावर विसंबून जो थांबतो त्याला तिसऱ्या तासात पळायलाही वाट उरत नाही. हा हिशेब ढोबळ आहे आणि अरुंद खाड्यांत तो चुकतो, पण धोका कोणत्या तासात आहे हे त्यावरून नीट कळते.

मी एकदा ओहोटीच्या वाटेने एका बेटावरच्या किल्ल्यात गेलो होतो. परतायची वेळ झाली तेव्हा बुरुजावरून पाहिले तर समोरची वाळू लांबवर कोरडी दिसत होती, म्हणून आणखी अर्धा तास थांबलो. खाली उतरून चालू लागलो तेव्हा मधली वाळू खरोखरच कोरडी होती; पाणी साचले होते ते पलीकडे, जमिनीच्या अगदी लगत. बेट आणि किनारा यांच्यामधली पुळण अनेकदा मधोमध उंच असते आणि किनाऱ्याजवळ एक उथळ चर असतो, तो भरती सुरू होताच दोन्ही बाजूंनी गुपचूप भरतो. तिथे लाट नव्हती, आवाज नव्हता. घोट्यापर्यंतचे पाणी वाटले ते दहा पावलांत गुडघ्यापर्यंत आणि पुढच्या पाच पावलांत मांडीपर्यंत आले, आणि पायाखालची वाळू बाजूला सरकत होती. पार झालो, पण तेव्हापासून मी वाट कोरडी दिसते का हे पाहत नाही. जाताना वाटेवरची सर्वांत खोलगट जागा कुठे आहे ते पाहून ठेवतो आणि घड्याळ त्या जागेच्या हिशेबाने लावतो.

चालत जायचे असेल तर पूर्ण ओहोटीच्या दीड ते दोन तास आधी, पाणी उतरत असतानाच निघावे आणि ओहोटीची वेळ होताच परतीला लागावे. ओहोटीनंतरचा पहिला तास अडचणीसाठी राखून ठेवावा. तो पाहण्यात खर्च करू नये. जिथे ओलांडण्याच्या सुरक्षित वेळा अधिकृतपणे जाहीर केलेल्या असतात तिथे आपला हिशेब बाजूला ठेवून त्याच पाळाव्यात. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्न बेटावर, जिथे ७९३ साली व्हायकिंगांनी मठावर हल्ला केला होता, जाणारा डांबरी रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. वेळांचे फलक लावलेले असूनही तिथे दरवर्षी मोटारी अडकतात. मों-सें-मिशेलला २०१४ पासून पूल झाला आहे, त्यामुळे मठात जाण्यासाठी भरतीची अडचण फारशी राहिलेली नाही, पण सभोवतालच्या वाळूवर चालायचे असेल तर तिथे पाय रुतणारी वाळू असल्याने परवानाधारक वाटाड्याबरोबरच जावे.

तिथीचाही विचार करावा. अमावस्या आणि पौर्णिमा उलटून एक-दोन दिवस झाले की उधाण येते, म्हणजे भरती सर्वांत उंच आणि ओहोटी सर्वांत खोल असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाणी फारसे चढतही नाही, उतरतही नाही. चालत जाण्याची वाट उधाणाच्या दिवसांत अधिक वेळ उघडी राहते, तर भांगाच्या दिवसांत काही वाटा उघड्याच पडत नाहीत. सहसा कोणी न सांगितलेली गोष्ट अशी की, एकाच जागी उधाणाची भरती नेहमी दिवसाच्या साधारण त्याच वेळी येते. अलिबागला, जिथे कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, उधाणाची पूर्ण भरती दुपारच्या सुमारास असते, म्हणून खोल ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी मिळते. मों-सें-मिशेलच्या बाजूला उधाणाची भरती सकाळ-संध्याकाळ असते, म्हणून तिथे खोल ओहोटी दुपारी मिळते. आपल्या ठिकाणाचा हा स्वभाव एकदा कळला की पहाटे निघावे लागणार की दुपारी, हे महिनाभर आधी सांगता येते.

प्रत्येक वेळी ओहोटीच हवी असते असेही नाही. जपानमधील मियाजिमा बेटावरच्या इत्सुकुशिमा देवस्थानाची मोठी लाल प्रवेशकमान भरतीच्या वेळी पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते आणि ओहोटीला तिच्या खांबांपर्यंत चालत जाता येते. अशा ठिकाणी भरतीच्या सुमारास पोहोचून ओहोटीपर्यंत, म्हणजे साधारण सहा तास, थांबावे. घाईने दोन तासांत परतणाऱ्याला त्या वास्तूचे एकच रूप दिसते.

होडी आणि वारा

होडीने जायचे असेल तर सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी घ्यावी. दिवस चढतो तशी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येऊ लागतो. हा वारा दुपारी सर्वांत जोरात असतो. सकाळी नऊला काचेसारखे असलेले पाणी दुपारी तीनला होडी डोलवू लागते, आणि ज्यांना मळमळते त्यांचा परतीचा प्रवास त्रासाचा होतो.

हवामानाचा अंदाज पाहताना केवळ पाऊस पाहू नये. लाटांची उंची पाहावी आणि त्यासोबत दोन लाटांमधले सेकंदही पाहावेत. दूरच्या वादळातून आलेल्या, बारा-पंधरा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटा समुद्रात सौम्य दिसतात, पण त्यांच्यात मोठी ऊर्जा असते आणि खडकाळ धक्क्याशी त्या होडीला जोराने वर-खाली करतात. ऊन पडलेले, आकाश निरभ्र आणि तरीही “आज होडी नाही” असे कळते ते बहुधा यामुळेच. अशा वेळी नावाड्याशी वाद घालू नये. नकार देणारा नावाडी आपल्या भल्याचेच सांगत असतो. केपटाउनहून रॉबेन बेटाकडे, जिथे नेल्सन मंडेला आपल्या २७ वर्षांच्या कारावासातील १८ वर्षे होते, जाणाऱ्या बोटीही खराब समुद्रामुळे रद्द होतात. म्हणून समुद्र ओलांडून पाहायची वास्तू सहलीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवावी. त्या दिवशी होडी रद्द झाली तर पुढचे दिवस हाताशी असतात. शेवटच्या दिवसावर ती कधीही ढकलू नये.

वास्तूच्या वेळा आणि गर्दी

समुद्राने दिलेले दिवस हाती आले की मग वास्तूच्या वेळा त्यांच्याशी जुळवाव्यात. साप्ताहिक सुट्टी आधी पाहावी: घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि युरोपातील अनेक संग्रहालयेही सोमवारीच बंद असतात. बंद होण्याची वेळ आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ या वेगळ्या असतात, आणि दोहोंत अर्ध्या-एक तासाचे अंतर असू शकते. वेळ ठरवून मिळणारे तिकीट असेल तर ते भरतीचे कोष्टक आणि होडीच्या फेऱ्या समोर ठेवूनच घ्यावे.

बंदरांच्या शहरांत गर्दीचे कारण बहुधा जहाजे असतात. एक मोठे क्रूझ जहाज धक्क्याला लागले की दोन-तीन हजार माणसे एकाच वेळी त्याच दरवाजातून आत येतात आणि संध्याकाळी परत जातात. दुब्रोव्हनिकचा तट सुमारे १,९४० मीटर लांबीचा आहे आणि वरचा मार्ग काही ठिकाणी इतका अरुंद आहे की पुढचा थांबला तर मागच्यालाही थांबावे लागते. बहुतेक बंदरे जहाजांच्या आगमनाचे वेळापत्रक आधी जाहीर करतात. ते पाहून ज्या दिवशी जहाजे नाहीत किंवा कमी आहेत तो दिवस तटासाठी ठेवावा, आणि तसा दिवस मिळाला नाही तर दरवाजा उघडताच जावे किंवा जहाजे सुटल्यानंतर संध्याकाळी जावे. व्हेनिसमध्ये २०२४ पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते. गावात मुक्काम करणाऱ्याला ते भरावे लागत नाही, पण सूट मिळण्यासाठी नोंद करावी लागते. अशा ठिकाणी मुक्काम तटबंदीच्या आतच करावा, असे मी आग्रहाने सांगेन. जागा लहान मिळेल आणि सामान पायऱ्यांवरून उचलावे लागेल, पण सकाळी सात वाजता रिकाम्या गल्लीतून चालताना ते गाव कसे वसले हे जितके कळते तितके दुपारच्या गर्दीत कळत नाही.

बरोबर वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील तर पायऱ्यांची संख्या आधी विचारावी. स्केलिग मायकलवर ६१८ दगडी पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नाही. चिंक्वे तेर्रेतील कोर्निल्या हे गाव कड्यावर आहे आणि रेल्वे स्थानकावरून वर जायला जवळजवळ ४०० पायऱ्या आहेत. इतर चार गावे पाण्यालगत आहेत.

कडा, लाटा आणि पोहणे

किनाऱ्यावरचे कडे आणि कमानी आपल्याला अचल वाटतात, पण समुद्र त्यांना सतत खालून पोखरत असतो. ऑस्ट्रेलियातील ग्रेट ओशन रोडवर १९९० च्या जानेवारीत खडकाची एक नैसर्गिक कमान कोसळली आणि तिच्या टोकावर अडकलेल्या दोन पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. त्याच किनाऱ्यावरील ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ या सुळक्यांपैकी एक २००५ मध्ये ढासळला, आणि माल्टाच्या गोझो बेटावरची प्रसिद्ध कमान मार्च २०१७ मधील वादळात नाहीशी झाली. त्यामुळे कड्याच्या टोकावर उभे राहू नये, तसेच कड्याच्या पायथ्याशी सावलीत बसूही नये. पावसानंतरचे दोन दिवस तर मुळीच नाही. खडकांवर फोटो काढताना समुद्राकडे पाठ करू नये. आइसलँडमधील रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर अनेक लहान लाटांनंतर अचानक एखादी लाट फार आतपर्यंत येते आणि माणसाला ओढून नेते, आणि तिथे असे मृत्यू झालेले आहेत. खडकावर जाण्याआधी दहा मिनिटे लांब उभे राहून लाटा पाहाव्यात. ओला झालेला खडक कुठपर्यंत आहे, हे सर्वांत मोठी लाट कुठपर्यंत आली त्याचा पुरावा असतो. त्याच्या बऱ्याच मागे थांबावे.

पोहायचे असेल तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा जीवरक्षकांच्या नजरेखाली असते, तिथेच उतरावे. नुसता लाल झेंडा धोक्याचा असतो. झेंडे नसलेल्या पुळणीवर पाण्याकडे नीट पाहावे. सगळीकडे लाटा पांढऱ्या फुटत आहेत आणि मध्येच एक गडद, शांत पट्टा आत गेलेला दिसतो; नवख्या माणसाला तीच जागा पोहायला चांगली वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर आलेले पाणी त्याच पट्ट्यातून समुद्रात परत जात असते आणि त्या प्रवाहाचा वेग सेकंदाला दोन मीटरहून अधिक होऊ शकतो, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याच्या विरुद्ध पोहता येत नाही. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे जोर लावू नये. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि शक्य असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाच्या बाहेर पडावे, मग लाटांबरोबर परत यावे.

वास्तू पाहताना

समुद्रालगतची वास्तू पाहताना ती प्रथम पाण्याच्या बाजूने पाहावी, कारण ती बहुधा त्या बाजूने येणाऱ्यांसाठी किंवा त्यांच्याविरुद्ध बांधलेली असते. दरवाजा कुठे लपवला आहे, तोफांच्या खिडक्या कोणत्या वाटेवर रोखलेल्या आहेत, गोड्या पाण्याची सोय कुठे केली आहे, या तीन गोष्टी शोधल्या की किल्ल्याची रचना आपोआप उलगडते. गॅलचा किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला आणि १६४० मध्ये तो जिंकल्यानंतर डचांनी मोठा केला. त्याचे तट शत्रूसाठी होते, पण २००४ च्या त्सुनामीत बाहेरचे शहर उद्ध्वस्त होत असताना आतल्या जुन्या वस्तीचे रक्षण त्याच तटांनी केले. तटावर उभे राहून दोन्ही बाजूंची उंची पाहिली की ते कसे झाले असेल हे दिसते.

घानामधील एल्मिना किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला आणि पुढे तिथून असंख्य माणसांना गुलाम म्हणून जहाजांत भरून पाठवले गेले. अशा ठिकाणी समुद्राकडे उघडणाऱ्या अरुंद दारासमोर हसत फोटो काढू नयेत, मुलांना आत नेण्यापूर्वी तिथे काय घडले ते सांगावे, आणि वाटाड्याचे बोलणे पूर्ण ऐकून घ्यावे.

समुद्राचा खारा तुषार दगडाच्या रंध्रांत शिरतो, पाणी वाळते आणि मिठाचे स्फटिक आतल्या आत वाढून दगडाचे कण सुटे करतात. जुन्या तटांच्या दगडांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके दिसतात ती बऱ्याचदा यामुळेच. बोटाने हळूच घासले तरी अशा दगडाची रेती गळते, म्हणून घासू नये. टेकून बसू नये, आणि कठड्यावर चढू तर नयेच. महाबलीपुरमचे किनाऱ्यावरचे मंदिर आठव्या शतकातले आहे आणि त्याच्या भिंतींवरील शिल्पांच्या कडा खाऱ्या वाऱ्याने पुसट झालेल्या आहेत. सकाळचे तिरपे ऊन पडते तेव्हाच त्या आकृती डोळ्यांना नीट सापडतात, दुपारी सपाट दिसतात. ड्रोन उडवण्यापूर्वी परवानगी विचारावी, कारण अनेक वास्तूंवर आणि बंदरांवर तो निषिद्ध असतो.

निघण्याच्या आदल्या रात्री

पायात भिजले तरी चालतील आणि शेवाळावर घसरणार नाहीत असे, मागे पट्टा असलेले बूट घ्यावेत; ओहोटीच्या वाटेवर चपला चिखलात राहतात. फोन आणि कागदपत्रे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावीत. कॅमेऱ्याच्या काचेवर मिठाचा थर बसतो, तो कोरड्या कापडाने घासला तर काचेवर ओरखडे पडतात. आधी किंचित ओलसर कापड लावावे.

झोपण्यापूर्वी उद्याच्या ओहोटीची वेळ, दुपारच्या वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाज, आणि होडीवाल्याची ताजी सूचना या तीन गोष्टी पुन्हा एकदा पाहाव्यात, कारण महिन्यापूर्वी काढलेली भरतीची वेळ बदलत नाही, पण वाऱ्यामुळे आणि हवेच्या दाबामुळे पाणी कोष्टकापेक्षा वर चढू शकते. परत फिरण्याची वेळ कागदावर मोठ्या अंकांत लिहून सोबतच्या प्रत्येकाला सांगावी आणि मुक्कामाच्या जागीही कळवून ठेवावी, म्हणजे आपण त्या वेळेला परतलो नाही तर शोध घेणाऱ्यांना कोणत्या वाटेवर पाहायचे हे माहीत असेल.